जुळ्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांनी स्टिरिओ फोटो: जोडी का बिघडते आणि कशी सुधारायची

१२० फिल्मचे दोन सारखे कॅमेरे एका पट्टीवर शेजारी शेजारी बसवायचे, दोन्ही शटर एकदम उडवायची आणि धुतलेल्या दोन स्लाइड व्ह्यूअरमध्ये लावून एकेका डोळ्याने एकेक बघायच्या, की दृश्य खोलीसह उभं राहतं. पद्धत एवढीच. तरी पहिला रोल बघताना बहुतेकांचे डोळे ताणतात, चित्र दुहेरी दिसतं नाहीतर खोलीच दिसत नाही. लगेच भिंगांवर संशय घेतला जातो. दोष बहुधा पट्टीत, केबल रिलीजमध्ये किंवा फोकसच्या चाकात असतो आणि तो घरी सुधारता येतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. स्टिरिओ जोडी बिघडते ती दोन कॅमेऱ्यांमधल्या फरकामुळे. दोन्ही शटर १/५०० ऐवजी १/३५० ला चालत असतील तर काही अडत नाही, एक ५०० ला आणि दुसरं ३५० ला चालत असेल तर अडतं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत प्रश्न एकच विचारायचा: दोन्हींकडे सारखं आहे का?

इथले आकडे ६×६ सेंमी फ्रेमच्या टीएलआर कॅमेऱ्यांसाठी (ट्विन लेन्स रिफ्लेक्स: वर बघण्याचं आणि खाली फोटो घेण्याचं अशी दोन भिंगं असलेले) आणि ८० मिमी भिंगासाठी दिले आहेत. ७५ मिमी भिंगाला थोड्या फरकाने तेच लागू होतात.

आधी लक्षण ओळखा

टीएलआरमध्ये फिल्म उभी सरकते आणि १२० ची फिल्म सुमारे ६१.५ मिमी रुंद असते. त्यामुळे दोन कॅमेऱ्यांच्या न कापलेल्या पट्ट्या लाइट टेबलवर उभ्या, काठाला काठ लावून ठेवल्या, की दोन फ्रेमच्या मध्यांतलं अंतर आपोआप दोन डोळ्यांमधल्या अंतराजवळ येतं. डावीकडे डाव्या कॅमेऱ्याची पट्टी ठेवायची, उजवीकडे उजव्याची. चकचकीत बाजू आपल्याकडे आणि काठावरची अक्षरं सुलट वाचता आली पाहिजेत. वरून दोन सारखी भिंगं धरून बघा. कात्री न लावताच पूर्ण रोल तपासून होतो.

जवळची वस्तू मागे गेलेली दिसली आणि आकाश झाडाच्या पुढे आलं, तर डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली आहे. हा दोष सगळ्यांत जास्त घडतो आणि सगळ्यांत सोपा आहे. डावा म्हणजे कॅमेऱ्यामागे उभं राहिल्यावर आपल्या डाव्या हाताचा. दोन्ही कॅमेऱ्यांवर ठळक खूण करा, उजव्यावर लाल ठिपका लावा, आणि रोल काढल्याबरोबर कागदी शेपटीवर पेन्सिलीने ‘डा’ किंवा ‘उ’ लिहा.

चित्र एकत्र येतं पण डोळे ओढल्यासारखे होतात, तेव्हा दोन फ्रेममध्ये उभा फरक असतो. तो सगळीकडे सारखा असेल तर एका कॅमेऱ्याची मान वर किंवा खाली आहे. डाव्या काठाला वर आणि उजव्या काठाला खाली असेल तर एक कॅमेरा बाजूला कलला आहे. मधोमध ठीक आणि चारही कोपऱ्यांत बिघाड असेल, तर कॅमेऱ्यांची तोंडं आत वळलेली आहेत किंवा दोन प्रतिमांचा आकारच वेगळा आहे. स्थिर वस्तू छान दिसतात आणि पानं, पाणी, चालणारी माणसं तेवढी चमचमतात, तर दोन्ही शटर एकाच क्षणी उघडलेली नाहीत.

पट्टी आणि बैठक

साधारण १० मिमी जाड, ५० मिमी रुंद, ३०० मिमी लांब ॲल्युमिनियमची सपाट पट्टी घ्या. यापेक्षा पातळ पट्टी दोन कॅमेऱ्यांच्या वजनाने मध्यभागी वाकते आणि दोन्ही कॅमेरे एकमेकांपासून उलट दिशेने कलतात. पट्टीला कॅमेऱ्यांसाठी दोन खाचा आणि मध्ये ट्रायपॉडसाठी एक भोक पाडा. आटे आधी तपासून घ्या: बऱ्याच कॅमेऱ्यांना १/४ इंचाचा स्क्रू लागतो, जुन्या युरोपीय कॅमेऱ्यांना ३/८ इंचाचा.

एका स्क्रूवर बसवलेला कॅमेरा फिरतो. स्क्रू कितीही आवळला तरी केबल दाबताना, हँडल फिरवताना तो केसभर सरकतोच. त्यावर उपाय म्हणून पट्टीच्या मागच्या काठाला एक सरळ ॲल्युमिनियमचा कोन ठोकून बसवा आणि दोन्ही कॅमेऱ्यांच्या पाठी त्याला टेकवूनच स्क्रू आवळा. टीएलआरला हा कोन आणखी एका कारणासाठी लागतो. त्याच्या पाठीचा खटका तळाशी असतो, म्हणजे रोल बदलायला कॅमेरा दर वेळी पट्टीवरून काढावा लागतो. कोन असेल तरच तो परत जसाच्या तसा बसतो.

तळाखाली जाड रबर घालू नका, ते दबतं आणि दोन्हीकडे सारखं दबत नाही. १ मिमी कॉर्क पुरे. स्क्रूही जीव खाऊन आवळू नका. टीएलआरचा तळ म्हणजे पाठीच्या झाकणाचाच भाग, तो ओढला गेला तर फिल्म सपाट राहत नाही आणि प्रकाश आत शिरतो.

रोलायफ्लेक्सच्या धर्तीच्या कॅमेऱ्यांत फोकसचं चाक डाव्या अंगाला आणि रोल पुढे नेणारं हँडल उजव्या अंगाला असतं. शेजारी शेजारी ठेवल्यावर डाव्या कॅमेऱ्याचं हँडल आणि उजव्याचं चाक मध्ये समोरासमोर येतात. हँडल फिरेल एवढी जागा सोडावीच लागते. डावा कॅमेरा उलटा टांगला की हँडल बाहेर जातं हे खरं, पण मग फोटो घेणारी दोन भिंगं एका उंचीवर आणताना बैठक फार किचकट होते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. मिनोल्टा ऑटोकॉर्डसारख्या कॅमेऱ्यात फोकसचा खटका भिंगाखाली असतो, तिथे हा झगडा निम्मा कमी होतो.

बेस किती, आणि सगळ्यांत जवळची वस्तू किती दूर

दोन्ही भिंगांच्या मध्यांतलं अंतर म्हणजे बेस. माणसाच्या डोळ्यांमध्ये ते साधारण ६३ ते ६५ मिमी असतं. दोन टीएलआर शेजारी ठेवले की ते १०० मिमीच्या पुढेच जातं. खोली जास्त मिळते म्हणून आनंद होतो, पण तिची किंमत समोरच्या बाजूला मोजावी लागते: जवळच्या वस्तू डोळ्यांना पेलत नाहीत.

जवळच्या आणि दूरच्या बिंदूंच्या सरकण्यातला फिल्मवरचा फरक भिंगाच्या केंद्रांतराच्या (फोकल लेंग्थच्या) तिसाव्या भागात ठेवावा, हा जुना आणि भरवशाचा नियम. ८० मिमीसाठी तो सुमारे २.७ मिमी होतो. मागे क्षितिज दिसत असेल तर हिशोब सोपा: बेसला ३० ने गुणा, तेवढ्या अंतराच्या आत काही नको. बेस १०० मिमी तर ३ मीटर, ११० तर ३.३ मीटर, १५० तर साडेचार मीटर.

मागे भिंत असेल आणि क्षितिज नसेल, तर सूट मिळते. जवळची वस्तू २ मीटरवर आणि भिंत ४ मीटरवर असेल तर ‘जवळचं गुणिले दूरचं, भागिले दोन्हींतला फरक’ म्हणजे ४ मीटर. त्याचा तिसावा भाग १३३ मिमी, तेवढा बेस चालतो. याउलट समोर फुलाची फांदी १ मीटरवर आणि मागे डोंगर, ही चौकट जुळ्या टीएलआरने घेऊच नये. ती कोणत्याही माउंटिंगने सुधारत नाही.

बेस दुप्पट केला की दृश्य निम्म्या आकाराचं भासतं, माणसं बाहुल्यांसारखी दिसतात. हा बिघाड नाही, भूमितीच तशी आहे. माणसांचे फोटो घ्यायचे असतील तर बेस शक्य तितका कमी ठेवा.

कॅमेरे समांतर आहेत का

वरच्या दुधी काचेवर विसंबू नका. तिथे दिसतं ते बघण्याच्या भिंगातून, फोटो घेतं खालचं भिंग. शिवाय चित्र डावं-उजवं उलटलेलं असतं. खरी तपासणी फिल्मच्या जागी करायची.

१. दोन्ही कॅमेरे रिकामे करा आणि पाठी उघडा. तळाच्या खटक्याला पट्टी आड येत असेल तर आधी पाठ उघडून मग कॅमेरा पट्टीवर चढवा. पाठ उघडी असताना नेहमीचा टेकू मिळत नसेल, तर कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला तात्पुरती सरळपट्टी लावून दोघांना एका रेषेत धरा.

२. फिल्म ज्या आतल्या कडांवर टेकते त्यांवर दुधी काचेचा तुकडा ठेवा, खडबडीत बाजू भिंगाकडे. काच नसेल तर ताणून चिकटवलेला बटरपेपर चालतो. त्यावर मधोमध बारीक पेन्सिलीने अधिक चिन्ह काढलेलं असावं.

३. शटर बी वर (दाबून धरेपर्यंत उघडं राहतं तो वेग) उघडं धरा, भिंगाचं छिद्र पूर्ण मोकळं करा, फोकस अनंतावर ठेवा.

४. निदान ५०० मीटर दूरचा मनोरा किंवा टाकीचा कोपरा डाव्या काचेवर चिन्हाच्या मधोमध आणा. उजव्या काचेवरही तो तिथेच आला पाहिजे.

आडव्या दिशेने १.४ मिमीचा फरक म्हणजे १ अंशाचा वळसा. एवढ्याने कोपऱ्यांत ०.१७ मिमीच्या आसपास उभा फरक पडतो, तो निभतो. ३ अंशांना तो अर्ध्या मिलिमीटरवर जातो आणि डोळे तक्रार करतात. म्हणून जवळच्या वस्तूकडे दोन्ही कॅमेरे मुद्दाम वळवायची सवय लावून घेऊ नका. माणसाचे डोळे वळतात हे खरं, पण कॅमेरे समांतरच हवेत.

उभ्या दिशेने ०.७ मिमीचा फरक म्हणजे अर्धा अंश मान वर किंवा खाली. तळाशी पुढच्या किंवा मागच्या बाजूला कागदाची घडी घालून तो काढा. बाजूचा कल पाहायला घराची आडवी कड किंवा क्षितिज काचेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तपासा. अर्ध्या अंशाचा कल फ्रेमच्या काठाला पाव मिलिमीटर होतो. काठाचा उभा फरक ०.२ मिमीच्या आत राहील असं बघा. कॅमेऱ्यांवर पाणसळ ठेवून भागत नाही, कारण बाहेरचं अंग सरळ असलं तरी जुन्या कॅमेऱ्यात भिंगाची पाटी सरळ असेलच असं नाही.

फोकस आणि प्रतिमेचा आकार

डावा कॅमेरा अनंतावर आणि उजवा २ मीटरवर राहिला तर उजवी प्रतिमा ४ टक्क्यांनी मोठी येते. धूसरपणा छिद्र एफ/२२ इतकं लहान करून झाकला जाईल, आकारातला फरक झाकला जाणार नाही. मधल्या अडचणीच्या जागेतलं फोकसचं चाक हाताच्या धक्क्याने हलतं, त्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो. एकदा लावलं की चाकावर चिकटपट्टीचा तुकडा लावा.

फोकस कुठे लावायचा? एफ/२२ ला ८० मिमी भिंग ५.९ मीटरवर लावलं की सुमारे ३ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. १०० मिमी बेसची जवळची हद्दही ३ मीटरच, म्हणजे दोन्ही मर्यादा एकाच जागी जुळतात. एफ/१६ ला फोकस ८ मीटरवर आणि सुरुवात ४ मीटरपासून. स्टिरिओत धूसर पार्श्वभूमी देखणी दिसत नाही, डोळा तिथे जाऊन चाचपडत राहतो. म्हणून एफ/१६ च्या अलीकडे येऊच नका.

फोकस सारखा असूनही आकार जुळत नसेल तर भिंगांचं खरं केंद्रांतर वेगळं आहे. ‘८० मिमी’ कोरलेली दोन भिंगं एखाद्या टक्क्याने वेगळी असू शकतात. विटांच्या भिंतीचा फोटो घ्या आणि त्याच दोन विटांमधलं अंतर दोन्ही फिल्मवर मोजा. ५०.० आणि ४९.५ मिमी आलं तर फरक १ टक्का, म्हणजे काठाला जवळपास ०.३ मिमी. याला बैठकीत इलाज नाही. स्कॅन करून एक प्रतिमा लहान करता येते, पण स्लाइड थेट बघायची असेल तर जोडीदार कॅमेरा बदलावा लागतो. कॅमेरा विकत घेण्यापूर्वी ही एक चाचणी करायला मिळाली तर सोडू नका.

दोन्ही शटर एका क्षणी

नेहमीच्या चालीने चालणारा माणूस १० मिलिसेकंदांत १४ मिमी सरकतो. बेस १०० मिमी असेल तर ही १४ मिमी बेसमध्ये वाढ किंवा घट झाल्यासारखीच. माणूस एका दिशेने गेला तर रस्त्याच्या पुढे तरंगतो, दुसऱ्या दिशेने गेला तर जमिनीत मागे घुसतो. एकाच फोटोत काही माणसं पुढे आणि काही मागे खुपत असतील, तर दुसरं कारण शोधायला नको.

नेहमीचा उपाय म्हणजे एका मुठीतून दोन तारा निघणारा दुहेरी केबल रिलीज, ज्यात एका टोकाची लांबी स्क्रूने कमीजास्त करता येते. दोन शटरचे खटके तारेच्या वेगवेगळ्या प्रवासाला सुटतात. हा फरक अर्धा मिमी असेल आणि अंगठा सेकंदाला ५० मिमी वेगाने दाबत असेल, तर १० मिलिसेकंद तिथेच गेले. दोन निष्कर्ष निघतात: टोक जुळवून घ्या, आणि दाबायचं ते हळुवार न दाबता एका दमात. जड ट्रायपॉड असल्यावर फोटो हलत नाही.

टोक जुळवायची पद्धत:

१. कॅमेरे रिकामे, पाठी उघड्या, छिद्रं मोकळी. खोली अंधारी करा आणि कॅमेऱ्यांची तोंडं पांढऱ्या भिंतीकडे ठेवा.

२. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची वायर डाव्या कॅमेऱ्याला जोडा, फ्लॅश भिंतीवर रोखा. दोन्ही शटरवरचा सिंक खटका (फ्लॅश कधी पडावा ते ठरवणारा) एक्स वर हवा. तो एम वर राहिला तर फ्लॅश शटर पूर्ण उघडण्याआधीच पडून जातो आणि सगळी चाचणी फसवी ठरते. जुन्या शटरवर व्ही असेल तर तो सेल्फ टायमर, त्याला हात लावू नका.

३. दोन्ही शटर १/३० वर. उजव्या कॅमेऱ्याच्या मागून भिंगाकडे बघत केबल दाबा. भिंगाचं गोल छिद्र लखकन उजळलेलं दिसलं, तर फ्लॅश पडला तेव्हा उजवं शटर उघडं होतं.

४. आता १/६०, १/१२५, १/२५० असं चढत जा. जिथे उजेड दिसेनासा होतो तिथे थांबा, टोकाचा स्क्रू पाव फेरा फिरवा आणि पुन्हा बघा. फेरा उलट दिशेने पडला असेल तर ते लगेच कळतं, आधीचा वेगही निसटतो.

५. वायर उजव्या कॅमेऱ्याला लावून डाव्यातून हेच करा. एकाच बाजूने तपासलं तर अर्धंच कळतं.

१/२५० ला दोन्ही बाजूंनी, दहापैकी नऊ वेळा तरी उजेड दिसला म्हणजे फरक ४ मिलिसेकंदांच्या आत आला. चालती माणसं, वाऱ्यातली झाडं यांना ते पुरतं. उसळत्या पाण्याला १/५०० पर्यंत जायला हवं. टोक जुळलं की लॉकनट आवळा, त्यावर नेलपॉलिशचा थेंब द्या.

थंडीत किंवा बरेच दिवस कॅमेरा पडून राहिल्यावर जुळणी बिघडते, कारण शटरमधलं वंगण घट्ट होतं. चाचणीआधी दोन्ही शटर वीसेक वेळा रिकामी उडवून घ्या. त्यानंतरही दर वेळी वेगळं उत्तर येत असेल तर केबल छळत बसू नका, शटर साफ करायला द्या. दोन सेल्फ टायमर एकदम सोडून भागवायचा मोह धरू नका, त्यांच्यात सेकंदाचाही फरक पडतो.

हे सारं भिंगातल्या पात्यांच्या शटरला लागू आहे. फिल्मसमोर आडवा पडदा सरकणाऱ्या कॅमेऱ्यांत आणखी एक पथ्य आहे: दोन्ही पडदे एकाच दिशेने गेले पाहिजेत. त्यातला एक कॅमेरा उलटा बसवला तर एका काठाला जुळणी होते आणि दुसऱ्या काठाला सुटते.

उजेड

दोन स्लाइडमधला एक तृतीयांश स्टॉपचा (एका स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो) फरकही शेजारी ठेवल्यावर दिसतो. दोन्ही रोल एकाच बॅचचे घ्या आणि एकाच टाकीत एकाच वेळी धुवा. स्लाइडच्या ई-६ प्रक्रियेत पहिला डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसला असतो आणि तिथे थोडा फरकही रंगात उतरतो. एक शटर कायमचं मंद असेल तर त्या कॅमेऱ्याचं छिद्र तेवढंच लहान ठेवा, टीएलआरमध्ये ते दोन आकड्यांच्या मध्येही थांबतं.

सूर्य बाजूला असेल तर दोन्ही भिंगांना हूड लावा. एकाच भिंगात चकाकी शिरली तर ती एकाच डोळ्याला दिसते आणि चित्रावर पडदा धरल्यासारखी तिथेच लटकते. पोलरायझर वापरायचे तर दोन्ही एकाच कोनात हवेत, नाहीतर पाणी एका डोळ्याला आरसा आणि दुसऱ्याला काच दिसतं.

एक रोल चाचणीसाठी

प्रत्येक कॅमेऱ्यात बारा फ्रेम, तेवढ्यांत सगळं बसतं. पहिली फ्रेम ‘डावा’ आणि ‘उजवा’ लिहिलेल्या पाट्यांची, प्रत्येक भिंगासमोर त्याची पाटी. दोन फ्रेम दूरच्या मनोऱ्याच्या, दोन विटांच्या भिंतीच्या. मग रेकॉर्ड प्लेअर: तबकडीवर मध्यापासून काठापर्यंत पांढरी पट्टी चिकटवा, ४५ फेऱ्यांवर लावा आणि भरपूर उजेडात १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० अशा चार फ्रेम घ्या. ही तबकडी सेकंदाला २७० अंश फिरते, म्हणून दोन फिल्मवरच्या पट्टीत २.७ अंशांचा फरक म्हणजे १० मिलिसेकंद. पुढे दोन फ्रेम करड्या कार्डाच्या, शेवटची एक खऱ्या दृश्याची.

प्रत्येक फ्रेमनंतर दोन्ही हँडलं फिरवली का ते मोठ्याने मोजा. एक कॅमेरा पुढे न्यायचा राहिला, की तिथून पुढची प्रत्येक जोडी एका घराने सरकते आणि शेवटी एक फ्रेम एकटी उरते.

माउंट करताना

मीडियम फॉरमॅट स्टिरिओचा रूढ माउंट, म्हणजे दोन्ही स्लाइड धरणारी चौकट, ८० × १३२ मिमीचा असतो. फिल्मवरची फ्रेम ५६ मिमीची आणि माउंटची खिडकी त्याहून लहान, म्हणून तुकडा सरकवायला थोडी जागा मिळते. सगळीकडे सारखा असलेला उभा फरक इथे निघतो, थोडा बाजूचा कलही तुकडा फिरवून निघतो. तोंडं आत वळल्यामुळे आलेली कोपऱ्यांची ओढ, आकारातला फरक आणि शटरची चूक इथे निघत नाही.

दोन्ही तुकडे एकमेकांपासून दूर सरकवले की दृश्य खिडकीच्या मागे जातं, जवळ आणले की पुढे येतं. जवळची वस्तू खिडकीला टेकेल किंवा किंचित मागे राहील इतपत दूर करा. पण क्षितिजावरच्या त्याच बिंदूचं दोन तुकड्यांतलं अंतर ६५ मिमीच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर डोळ्यांना बाहेर वळावं लागतं. बरोबर बसलं का ते काठांवर ओळखू येतं: डाव्या काठाशी उजव्या चित्रात थोडं जास्त दिसलं पाहिजे, उजव्या काठाशी डाव्या चित्रात. खऱ्या खिडकीतून एकेक डोळा मिटून बघितलं तर असंच दिसतं.

माउंट बंद करण्याआधी फुंकणीने दोन्ही तुकडे झटका आणि व्ह्यूअरमध्ये एकदा बघा. धुळीचा कण एकाच तुकड्यावर असतो, त्याला जोडीदार नसतो, त्यामुळे तो चित्रात मिसळत नाही. निळ्या आकाशात तो वेगळ्याच अंतरावर लुकलुकत राहतो. एकेक डोळा मिटून कण कोणत्या बाजूचा ते ठरवा, तेवढाच तुकडा पुन्हा फुंका आणि मग झाकण लावा.